सोयरिकीआधी भुताची खात्री

आमच्या घरात भूत नाही, स्टार्टर आहे. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की आता झोपेतसुद्धा बिनचूक म्हणेन. पण भूत सांगितलं की माणसाला लगेच पटतं आणि स्टार्टर सांगितला की तो गालातल्या गालात हसतो. त्याला कोण काय करणार?

तासगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. गावात शिरताना डाव्या हाताला जी काळ्या दगडाची बसकी इमारत लागते ती संस्थानच्या काळातली कचेरी. संस्थान गेलं, कचेरी लिलावात निघाली आणि आजोबांनी ती घेतली, कारण दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. तेव्हापासून आम्ही कचेरीत राहतो. कारकून बसायचे तिथं आमचा टीव्ही आहे. चोरांना कोंडायचे ती गजांची खोली अजून आहे, तिला आम्ही लॉकपच म्हणतो. त्यात कांदे असतात, द्राक्षबागेवर फवारायची औषधं असतात आणि भिंतीवर विहिरीच्या मोटरचा स्टार्टर असतो.

विहीर घराच्या मागंच आहे, पण स्टार्टर विहिरीवर ठेवला की चोर नेतात. दोनदा नेला. म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिसरा स्टार्टर सरळ लॉकपमध्ये बसवला. शेतीची लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्री ती आली की स्टार्टर आपला आपण मोटर चालू करतो. पण दाब कमी असला की त्याची आतली पट्टी धड चिकटत नाही आणि तो खट्, खट्, खट् करत बसतो. रस्त्यानं जाणाऱ्यांनी तो आवाज ऐकला आणि ठरवून टाकलं की कचेरीतला जुना कारकून रात्री उठून शिक्के मारतो. तो कसा मेला याच्या तीन कथा आहेत. त्याच्या चष्म्याची एक काडी मोडकी होती, हेसुद्धा लोकांना माहीत आहे. आम्ही त्याच घरात राहतो, आम्हाला कुणी विचारत नाही.

लग्नाचं वय होईपर्यंत मला याचं हसू यायचं.

ही गोष्ट घडली तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. सोळा मुली बघून झाल्या होत्या. म्हणजे त्यांनी मला बघून झालं होतं. एकीची पत्रिका जुळली नाही. एकीला आमचं गाव लांब पडलं, ती पुढं दुबईला दिली. एकीच्या घरात सुतक आलं, ते अजून फिटलेलं नाही. सतरावी म्हसवडकडची. औषधांचं शिक्षण झालेली, मेडिकलच्या दुकानात कामाला. ती लोकं आमच्या घरी आली तेव्हा आम्हा दोघांना पाच मिनिटं बाहेर ओट्यावर बोलायला सोडलं. तिनं मला पगार विचारला नाही, पुण्यात फ्लॅट आहे का विचारलं नाही. विचारलं, "फवारताना तोंडाला मास्क लावता का?" मी म्हटलं, "लावतो की." साफ खोटं. पण त्या दिवसापासून लावायला लागलो. मला ती मनापासून आवडली होती आणि हे लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं. आधीच्या सोळांच्या वेळी मी नुसता चहा प्यायलो होतो.

आठ दिवसांनी मध्यस्थ आले. हे एसटीतले रिटायर कंडक्टर, आता स्थळं जुळवतात. आले, बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी मांडीवर आली की बातमी बरी नसते.

"आप्पा, पावण्यांचं म्हणणं असं हाय, पोरगं चांगलं. बागबी बघितली, नाव ठेवायला जागा न्हाई. फकस्त..." त्यांनी टोपीची घडी सारखी केली. "घराबद्दल जरा वेगळं कानावर आलंय त्येंच्या. रातचं कायतरी वाजतंय म्हणं. पोरीची जात, भित्या. तवा जरा थांबू म्हणत्यात."

दुसरा कुणी असता तर 'बरं' म्हणाला असता. पण आमचे आप्पा म्हणजे काय सांगावं! या माणसाला कुणी 'जेवायला या एकदा' असं सहज म्हटलं तर ते कुठल्या वारी येऊ विचारतात.

"मग त्यात काय?" आप्पा म्हणाले. "येऊन ऱ्हावू दे की एक रात. हाय का न्हाई डोळ्यानं बघू दे. न्हाई निघालं तर सुपारी फोडू."

मध्यस्थांच्या घशात चहा अडकला. "आवं आप्पा, असं कुठं असतंय व्हय?"

"का? जिमीन घेताना मोजणी करताच न्हवं? मग घराचीबी करा."

आणि त्यांनी तिथल्या तिथं मुलीच्या मामाला फोन लावला. मुलीचे वडील फारसे बोलत नसत, सगळा व्यवहार मामाच्या हातात होता. मामा मिलिटरीतून हवालदार होऊन आलेले. पलीकडून त्यांचं 'बघू, नंतर बघू' असं चाललं होतं, ते मलासुद्धा ऐकू येत होतं. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "तुमी फौजी माणूस. तुमाला कसलं आलंय भ्या?" मग मामा म्हणाले, "येतो."

आता दिवस कुठला, यावर अडलं. मामांचं म्हणणं, यायचं तर अमावस्येलाच, पौर्णिमेच्या चांदण्यात येऊन भूत बघण्याला काय अर्थ? आई म्हणाली, "आवं, सोयरिकीच्या कामाला आमुशा? माझ्या लेकराचं व्हायचं ते पण व्हणार न्हाई." दोघांचंही खरं होतं. भुताला अमावस्या पाहिजे आणि सोयरिकीला अमावस्या चालत नाही. शेवटी आईनं कॅलेंडर काढलं. अमावस्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी संपत होती. तेव्हा असं ठरलं, की सहा दहापर्यंत भुताचं बघायचं आणि सहा दहानंतर सोयरिकीचं. मीही वेळापत्रक बघितलं. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती, अकराची पाळी. म्हणजे अकरा वाजता खट् खट् होणार, मामांना लॉकपमध्ये नेऊन स्टार्टर दाखवायचा आणि सगळे झोपायला मोकळे. मला वाटलं देवच पावला.

अमावस्येच्या संध्याकाळी मामा आणि मध्यस्थ एसटीनं आले. मामांच्या पिशवीत दोन बॅटऱ्या, एक वही, शिट्टी आणि सिद्धनाथाच्या अंगाऱ्याची पुडी. मिशा पांढऱ्या, पण पाठ अजून ताठ. त्यांनी आल्याआल्या सगळी कचेरी फिरून बघितली, खिडक्यांच्या कड्या ओढून बघितल्या, लॉकपचे गज हलवून बघितले. मग ड्यूट्या लावल्या. दहा ते बारा मध्यस्थ, बारा ते दोन मी, दोन ते चार आप्पा, चारनंतर ते स्वतः. मध्यस्थांनी विचारलं, "मी कशाला?" मामा म्हणाले, "तुमीच सांगितलंय न्हवं, भूत हाय म्हणून?" मध्यस्थांनी टोपी काढून परत मांडीवर ठेवली.

जेवणावरून परत घोळ. पाहुणा आला की आमच्यात मटण, पण मध्यस्थ म्हणाले, अमावस्येला मटण शिजवलं तर वासानं भुतं येतात. मामा म्हणाले, "मग शिजवाच. हाय तर येऊ दे की." आईनं कपाळावर हात मारून घेतला आणि मटण केलं. मामांनी एक वाटी रस्सा, त्यात दोन फोडी, लॉकपमध्ये कांद्यांशेजारी ठेवायला लावला. मयताच्या घरी रात्री पीठ पसरून सकाळी पावलं बघतात, तसं वाटीभोवती ज्वारीचं पीठ पसरलं. "किलोभर पीठ मातीत," आई मला म्हणाली. "सून येऊ दे बाबा एकदाची. सगळं विसरते मी."

अकरा वाजले. शेतीची लाईट आली नाही. साडेअकरा झाले, आली नाही. सगळे टीव्हीच्या खोलीत सतरंज्यांवर बसलेलो, टीव्ही बंद, कारण भुताला आवाज चालत नाही असं मध्यस्थांचं मत. बारा वाजायच्या आत लॉकपमध्ये काहीतरी वाजलं. मध्यस्थ थेट माझ्या मांडीवर आले. मामांनी बॅटरी मारली. पिठावरनं पावलं वाटीपर्यंत गेली होती आणि वाटी चाटूनपुसून साफ होती. मामांनी खाली वाकून बघितलं आणि वहीत लिहिलं, "अकरा पन्नास. मांजर."

आप्पांनी वायरमनला फोन केला. वायरमन म्हणाला, "आप्पा, ओढ्यापलीकडं तार तुटल्या. सकाळच्याला बघू."

"सकाळी चालत न्हाई," आप्पा म्हणाले. "सकाळी आमुशा संपती."

वायरमननं फोन ठेवला. आप्पांनी परत लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, कारकून, शिक्के, मामा, मोजणी. मी म्हटलं, आप्पा, जाऊ द्या हो, अब्रू जाईल. पण वायरमननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोराचं लगीन अडलंय म्हणतासा? आवं मग आधी न्हाई का सांगायचं? आमचा धाकटा पस्तिशीचा हाय, मला ठावं हाय सगळं. येतो जाऊन." तो माणूस रात्री साडेबारा वाजता अंथरुणातून उठून तार जोडायला गेला.

मग आम्ही लाईटची वाट बघत बसलो. चार माणसं डोळ्यांत तेल घालून भुताची वाट बघतायत आणि त्यातले निम्मे, भूत येऊ दे रे देवा, लवकर येऊ दे, म्हणतायत, असं कुठं होत नसेल.

आप्पांना गप्प बसवत नाही. त्यांनी मामांना माझं पुराण लावलं. "ह्यो शिरवळला कंपनीत हुता, बरं का. डिप्लोमा केलाय. पाच वर्सं काढली तितं. मीच आणला माघारी. म्हटलं, दुसऱ्याच्या मशिनी पुसण्यापरास आपली बाग बघ, मालक हो. आज बघा, बेदाणा कसला करतो. हिरवागार. तासगावच्या बाजारात आमचा माल निघाला की व्यापारी उठून हुबं राहत्यात."

"चांगलं केलंसा," मामा म्हणाले आणि बॅटरीची काच सदऱ्याला पुसायला लागले.

आप्पांनी मला आणलं हे खरं, पण ते सांगतात तसं नाही. त्या वर्षी गारपिटीत बाग झोपली. त्यांचा फोन आला आणि ते फोनवर काही बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. मी दोन महिन्यांत राजीनामा दिला. मला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही. मला द्राक्षाची छाटणी येते, बेदाण्याचा रंग कळतो, आणि कंपनीत मी पाच वर्षं जे करत होतो ते मला आज धड आठवतसुद्धा नाही. पण माझं लग्न जमत नाही याचं आप्पा मनाला किती लावून घेतात ते मला माहीत होतं. सोळाव्या नकारानंतर ते दोन दिवस बागेतल्या शेडवरच झोपले होते.

दोन वाजून वीस मिनिटांनी लॉकपमधून आवाज आला. खट्. मग खट्, खट्, खट्.

मध्यस्थ तोपर्यंत घोरत होते, ते उठून राम राम म्हणायला लागले. मामा उठले, एका हातात बॅटरी, एका हातात अंगारा, शिट्टी तोंडात. मी पुढं झालो, आप्पा माझ्याही पुढं. आप्पांनी लॉकपचं दार उघडलं आणि मामांचा हात धरून स्टार्टरच्या पेटीवर ठेवला.

"बघा. हाताला लागतंय का? ह्योच तुमचा कारकून."

पेटी मामांच्या हाताखाली खट् खट् करत होती. मग दाब वाढला, पट्टी धाडकन चिकटली आणि मागं विहिरीवर मोटर सुरू झाली. पाइपातून पाणी चढल्याचा आवाज आला. आप्पा हसायला लागले. इतके हसले की त्यांना खोकला आला, आई उठून पाणी घेऊन आली आणि तीही हसायला लागली. "झालं का समाधान, पावणं?" आप्पांनी विचारलं.

"झालं," मामा म्हणाले.

त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि पुढं काही लिहिलं नाही. आता ते झोपतील असं मला वाटलं, पण ते भिंतीला टेकून तसेच बसून राहिले, सुट्टी रद्द झालेल्या जवानासारखे. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण मी खुशीत होतो. आप्पा तर झोपलेच नाहीत. पहाटेपर्यंत त्यांनी बाहेर ओट्यावर बसून आतेभावाला आणि थोरल्या मेव्हण्यांना फोन करून उठवलं होतं.

सहा अकराला आई ताट घेऊन आली. हळदकुंकू, नारळ, साखर, सुपारी. मामांनी ताटाकडं बघितलं, हात जोडले. "घरात इचारून कळवतो, वैनी," म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "मला स्टँडवर सोडता का जरा?" मध्यस्थ अजून झोपलेले होते.

मी त्यांना गाडीवर मागं बसवलं. आमच्या बागेजवळ आल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांबवा." उतरले. बांधावर उभे राहून घडांकडं बघत राहिले.

"भूत न्हाई तुमच्यात," ते म्हणाले. "ते मला हितं यायच्या आधीच ठावं हुतं. आवो, माझ्या घरातबी तसलाच स्टार्टर हाय."

"मग?"

"पोरीला शेतकरी नको. तुमी चांगलं हाय, घर चांगलं हाय, समदं चांगलं हाय. तिला नोकरीवाला पायजे. तिच्या आईलाबी. तोंडावर कसं सांगायचं, म्हणून आमी भूत काढलं. वाटलं, समजून घ्याल. तर तुमच्या वडलांनी मला ऱ्हायलाच बोलावलं." त्यांनी घामेजलेलं तोंड टॉवेलनं पुसलं. "रातभर बसून वाटत हुतं, ती लाईट येऊच नये. निदान तेवढं तरी माझ्याकडं राहिलं असतं सांगायला."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण त्या माणसानं माझ्याकडं बघून सांगितलं होतं, आधीच्या सोळांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. मला एकदम सोळाही जणी आठवल्या, पत्रिकेसकट, सुतकासकट. तेहतीस वर्षांचा बाप्या बागेच्या बांधावर उभा राहून रडायच्या बेताला आला होता आणि समोर मुलीचा मामा.

"माझं पोरगं पुण्यात रिक्षा चालवतंय," मामा म्हणाले. "लग्नापुरतं. चार एकर ऊस पडून हाय. तुमीबी लागा एक सहा महिनं कुठं कंपनीत. मग बघू."

"नको," मी म्हटलं.

ते गाडीवर बसले. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "तुमच्या वडलांचा फोन येणार मला. दुपारच्या आतच येणार. त्येंला काय सांगू?"

मी त्यांना म्हटलं, "भुताचंच सांगा."

"आवो, पण त्येंनी मला हात लावून दाखवलंय."

"तरी सांगा. चार वाजता तुमची ड्यूटी होती. तेव्हा दिसलं म्हणा."

एसटी लागली होती, मामा तिच्यात चढले आणि खिडकीतून त्यांनी मला सॅल्यूट ठोकला. मला त्याचं काय करायचं कळलं नाही, मीही हात वर केला.

घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावर धुतलेला सदरा घालून बसले होते. डोळे जागरणानं लाल. नारळाचं ताट अजून आत तसंच होतं. मी गाडी लावली, किल्ली काढली, आणि बसायच्या आतच सांगून टाकलं.

"नको म्हणतायत. पहाटे चारनंतर त्यांना लॉकपमध्ये कोणतरी दिसलं म्हणे."

"कोण दिसलं?"

"कारकून."

आतून आईचं 'अगं बाई' ऐकू आलं. मला वाटलं आता आप्पा ओरडतील, फोन लावतील, मामांच्या सात पिढ्यांची उजळणी करतील. त्यांनी नुसतं खाली बघितलं, धोतराचा सोगा सारखा केला.

"भूतच म्हणाले न्हवं?" त्यांनी विचारलं. "नीट इचारलंस? दुसरं काय न्हाई न्हवं?"

"न्हाई. भूतच."

"मग बरं," आप्पा म्हणाले. "मला वाटत हुतं, तू शेती करतूस म्हणून नको म्हणत्यात का काय. लय दिवस वाटत हुतं." मग ते उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत जाऊन आईला म्हणाले, "जेवायला वाढ गं. भुताचं काय, आज न्हाई तर उद्या निघंल." कित्येक महिन्यांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले.